सतरा किलो

जानेवारीतल्या एका संध्याकाळी लेकीचा निरोप आला. "आई, तुझं नि अप्पांचं वजन कळव. कपडे, चपला, स्वेटर, सगळं अंगावर असताना जेवढं भरेल तेवढं." आधी वाटलं, विम्याचं काहीतरी असेल. फोन केला तर म्हणाली, विमा नाही गं, गाडीसाठी हवंय. उन्हाळ्यात तुम्ही येताय ना, तेव्हा ट्रेलर जोडून पार पॅसिफिकपर्यंत जायचं आमचं चाललंय, त्याचा हिशेब मांडतेय. आमच्या घरात वजनाचा काटा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात गेलो आणि पोती मोजायच्या काट्यावर आळीपाळीने चढलो. मी ६१, हे ८२. दुकानातला पोरगा माझा विद्यार्थी. आकडा वाचून दाखवत म्हणाला, "बाई, भाव काय लावू?"

रात्री तिचा तक्ता आला. तो मी इतक्यांदा वाचलाय की आता पाठ झालाय. न्यू जर्सीतल्या त्यांच्या पिकअप गाडीच्या दारावर, चालकाच्या बाजूला, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नका, असं तिच्यावर छापलेलं असतं. त्यांच्या गाडीचा आकडा १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. एवढी धिप्पाड गाडी आणि ६८० किलो! आमच्या बाजारात छोटा हत्तीसुद्धा याहून जास्त माल नेतो. पण ओढायची ताकद वेगळी आणि अंगावर घ्यायची वेगळी, असं तिने समजावलं. ट्रेलर ओढायला गाडी कितीही दणकट असो, ट्रेलरचं तोंड तिच्या मागच्या जोडावर टेकतं आणि तो भार गाडीच्याच अंगावर येतो. त्यांचा २४ फुटी ट्रेलर भरल्यावर २३६० किलोचा. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार तोंडावर यायलाच हवा, नाहीतर चालताना ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तिने १३ टक्के धरले : ३०७ किलो. भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा लोखंडी जोड ४५. जावई ८०, लेक ५८, नातू ३०, आम्ही दोघं १४३. सगळ्याच्या तळाशी लाल अक्षरांत लिहिलेलं : उरले १७ किलो.

हे वैतागले. आयुष्यभर अमळनेर आगारात एसटी चालवलेला माणूस. "बसच्या पाटीवर 'उभे ११' लिहिलेलं असायचं," म्हणाले, "आणि चैत्रात आत किती उभे आहेत ते बघायला कंडक्टरलाच आत शिरता यायचं नाही. कुणाचं वजन विचारलं का कधी?" मला राग आला नव्हता. उलट लेकीचा हिशेब चोख आहे याचं कौतुकच वाटलं. तरी तो तक्ता मनातून जाईना. आपण कुणाकडे निघालोय आणि त्या घराने आपल्याला आधीच किलोवर मोजून ठेवलंय, यात दुखण्यासारखं काय आहे हे मलाच सांगता येत नव्हतं. दुखत होतं एवढं खरं.

आमचं घर पारोळ्याला, जुन्या सहा नंबर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. सरकारने त्या रस्त्याला ५३ नंबर देऊन कितीतरी वर्षं झाली, पण इथे अजून सगळे सहा नंबरच म्हणतात. धुळे एका बाजूला, जळगाव दुसऱ्या, मध्ये आम्ही. त्यामुळे या रस्त्याने जाणाऱ्या आमच्या गणगोतातल्या प्रत्येकाचं हे घर म्हणजे उतरायची जागा. शेवटची एसटी चुकलेला भाचा, पोलीस भरतीला धुळ्याला निघालेली पोरं, सिव्हिल हॉस्पिटलात कुणाला तरी भरती करून परत चाललेले थकलेले लोक, एकदा तर टायर फुटलेल्या बसमधलं अर्धं वऱ्हाड. रात्री कडी वाजायची. सासूबाई, त्यांना सगळा गाव मोठी माय म्हणायचा, खाटेवरूनच विचारायच्या, "कोन शे?" बाहेरून आवाज यायचा, "मी, चोपडाना." चोपड्याचा कोण, कुणाचा, हे नंतर. आधी हाक जायची, "ये, घरमा ये. जेवनं का?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत मी उठून बसलेली असायची. कारण जेवलेला असतो असा पाहुणा त्या वेळी कडी वाजवत नाही.

मग स्टोव्हला हवा भरायची. पिठाच्या डब्यात हात घालायचा. कळण्याचं पीठ असेल तर सोपं जायचं, कारण ज्वारी-उडीद-मीठ आधीच एकत्र दळलेलं; नुसती भाकर आणि तव्यावर भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा, वर तेलाची धार, एवढ्यावर माणूस खूश. पाहुणे जास्त असले तर फौजदारी डाळ, ती वाढवता येते. परातीत भाकर थापताना झोपेने मान कलायची आणि हात मात्र थापत राहायचे. सकाळी सातला शाळा. पाचवी ते दहावीच्या पोरांना मी भूगोल शिकवायची. प्रेअरीचा गवताळ प्रदेश, मिसिसिपी-मिसुरीचं खोरं, गव्हाची कोठारं. फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढताना खडूला तव्याचा वास यायचा असं मी गमतीने म्हणायची, पण ते फार खोटं नव्हतं.

आजही लग्नकार्यात कुणी अनोळखी पोक्त माणूस वाकून नमस्कार करतो, "वहिनी, तुमच्या हातची भाकर खाल्लीय रात्री बाराला," म्हणतो, आणि माझी मान ताठ होते. हे सुख खोटं नाही. पण त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. आल्या-गेल्याला मोजायचं नाही हा आमच्या घराचा बाणा, आणि बाणा घराचा असला तरी पीठ मळायचे हात माझे नि माझ्या जावेचे. पुरुष माणूस कुणाकडे उतरला की हातपाय धुऊन ओसरीवर टेकतो. बाई उतरली की तासाभरात आत जाते. चाळीसगावला नणंदेकडे मी सुट्टीला गेले म्हणजे काय, दुसऱ्या ओट्यासमोर उभी राहिले. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून नुसती बसून राहिले आहे, अशी आठवण शोधू गेले तर सापडत नाही.

त्यामुळे लेकीने फोनवर ट्रेलर आतून फिरवून दाखवला तेव्हा हे पलंगाकडे बघत होते, नातू स्वतःच्या वरच्या बाकड्यावर चढून दाखवत होता, आणि मी स्वयंपाकघर बघत होते. दोन बर्नरची शेगडी. पाट ठेवावा एवढा ओटा. वर झाकणाची कपाटं, गाडी हलली तरी उघडू नयेत म्हणून खटक्याची. फ्रीज गॅसवर पण चालतो म्हणे. दोन पावलांत सगळं संपतं. त्या ओट्यासमोर दुसरं माणूस उभंच राहू शकत नाही, आणि पाचांच्या वर सहावं ताट मांडायला जागाच नाही. लेक म्हणाली, "आई, फारच छोटं आहे ना?" मी म्हटलं, छान आहे. किती छान वाटलं ते तिला सांगितलं नाही.

पाण्याचं मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ट्रेलरच्या पोटात पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची. नळ जोडायची सोय असलेल्या तळावर उतरलं तर प्रश्न नाही, पण मोकळ्या रानात थांबलं तर पाच माणसांना तेवढ्यात दोन दिवस काढायचे. वापरलेलं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, संडासाचं त्याहून वेगळ्या. ती भरली की ठरलेल्या जागी जाऊन नळी लावून रिकामी करायची. (ते काम जावई करणार, हे मी पहिल्याच दिवशी तक्त्यात लिहायला लावलं.) जावयाने काळजीने विचारलं, आईंना जमेल का एवढ्याशा पाण्यात? त्याला माहीत नाही. पारोळ्यात उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका कामावर खाडा करतात. मोठी माय अर्ध्या बादलीत न्हायची आणि ते पाणी मोरीतून कढीपत्त्याच्या झाडाला जायचं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणात सड्याला. म्हणजे आम्ही काहीच मोजत नव्हतो असं नाही. माणसं सोडून सगळं मोजत होतो.

रस्ता ठरवायचं काम यांनी अंगावर घेतलं. नातवाने यांना शिकवलं की अमेरिकेत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या आंतरराज्य मार्गांना सम आकडे आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम. यांनी त्याला सांगितलं की आपल्याकडे नेमकं उलटं; धुळ्याहून इंदूरकडे वर जाणारा ५२, आणि आपल्या दारावरून आडवा जाणारा ५३. दोघांना या शोधाचा फार आनंद झाला. घराजवळून ८० नंबर धरायचा, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, शिकागो बाजूला ठेवून आयोवा. मिसिसिपी ओलांडायची. मग २९ नंबरने वर, साउथ डकोटात ९० नंबरला लागायचं, मिसुरी ओलांडायची, बॅडलँड्स, पुढे यलोस्टोन, पुढे सिॲटल. एका बाजूने साडेचार हजार किलोमीटरच्या वर. जुना सहा नंबर हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंत १९४९ किलोमीटर होता. तो जाऊन-येऊन पुरा केला तरी यातले सहा-सातशे उरतातच. नकाशावर बोट ठेवून मीही बघत होते. जी नावं मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतली, त्या गावांच्या पुढे आता तक्त्यात "मुक्काम", "नुसतं डिझेल", "धुणं" असं लिहिलेलं होतं.

त्यांच्याकडे ट्रेलरवाल्यांत एक तीन-तीनचा नियम चालतो. दिवसाला ३०० मैलांच्या वर चालवायचं नाही, दुपारी ३ च्या आत तळावर पोचायचं, आणि जमेल तिथे ३ रात्री राहायचं. यांना तो ऐकून हसू आलं. रातराणी घेऊन पुण्याला जाऊन दुसऱ्या रात्री परत फिरणारा माणूस. पण अंधारात अनोळखी जागी मागे चोवीस फूट लांब घर घेऊन गाडी उलटी लावायची म्हणजे काय, हे कळल्यावर हसू थांबलं.

आरक्षणाची गंमत वेगळीच. राष्ट्रीय उद्यानांतल्या पुष्कळ तळांची नोंदणी बरोबर सहा महिने आधी उघडते, तिथल्या पूर्वेकडच्या सकाळी १० वाजता. म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्री साडेआठ. आम्हाला ग्रँड टीटॉनमधला तळ जुलैच्या मध्याला हवा होता. जागा काही मिनिटांत संपतात, म्हणून जितके जास्त लोक एकाच वेळी बसतील तितकं बरं, असं लेकीचं म्हणणं. ती, जावई, आणि इकडे मी. नेमकी त्याच रात्री पुतण्याच्या मळ्यात भरीत पार्टी. थंडी मी म्हणत होती. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळात बामणोदची वांगी टाकलेली, हिरवी, मोठाली, सालं करपून फुटायला आलेली. बडजीत मिरच्या-लसूण ठेचायचा घण घण आवाज चाललेला. कळण्याच्या पुऱ्या तेलातून निघत होत्या. आणि मी बांधावर, जिथे रेंज मिळते तिथे, शाल गुंडाळून फोनवर सेकंद मोजत. पुतण्याची बायको दोनदा हाक मारून गेली. साडेआठ झाले, बोटाने दाबलं, गोल गोल फिरलं, आणि 'उपलब्ध नाही'. लेकीलाही नाही. जावयाला मिळाली. वीज जोडायची सोय नसलेली जागा, पण मिळाली. मी बांधावरूनच ओरडले. सगळ्यांना वाटलं मला काहीतरी चावलं.

यलोस्टोनच्या एका तळावर तर कापडी तंबूला किंवा कापडी भिंतीच्या ट्रेलरला मनाईच आहे, अस्वलांमुळे. भिंत पक्की हवी. हे ऐकल्यावर यांनी ट्रेलरच्या भिंतीची जाडी विचारली. ती ऐकून गप्प बसले.

घाटांचा विषय निघाला की मात्र यांच्या अंगात येतं. यलोस्टोनच्या अलीकडे वायोमिंगमधले बिगहॉर्नचे डोंगर ओलांडायला वाटा अनेक, त्यांतला १४-ए रस्ता पश्चिमेकडे उतरताना १० टक्के उताराचा. १६ नंबरचा रस्ताही चढतो चांगला ९६६६ फुटांपर्यंत, पण उतार सौम्य. जावयाचा कल १४-ए कडे, कारण तिकडून देखावे सुंदर. यांनी फोन हातात घेतला आणि त्याला औट्रम घाट सांगितला. चाळीसगावहून कन्नडला चढणारा, पावसाळ्यात धुकं उतरलेलं, पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक. "ज्या गियरमध्ये चढाल त्याच्यात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसाल तर तळाशी पोचेपर्यंत ब्रेक राहणार नाही. मागचं घर तुम्हाला ढकलत असतं हे विसरायचं नाही." जावई म्हणाला, ट्रेलरला स्वतःचे वेगळे ब्रेक असतात, गाडीतून लागतात. हे म्हणाले, "असू द्या. गियर गियर असतो." शिवाय उंचीवर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, हे जावयाने स्वतःच वाचून कळवलं. शेवटी १६ नंबर ठरला. त्या रात्री हे बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाऊन उठले.

परतीच्या रस्त्यावर वायोमिंगमध्ये वारा इतका सुटतो की हलक्या आणि उंच गाड्यांना ८० नंबर बंद करतात. मधल्या मैदानात उन्हाळ्यात वादळं, गारा. उन्हाची आम्हाला भीती नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा गेल्यावरही सावलीला बसून पापड लाटणारे आम्ही लोक. गारांची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रावेर-यावलकडची उभी केळी एका रात्रीत आडवी झालेली बघितली आहे. पत्र्याच्या छताखाली गारांचा आवाज कसा येतो, हे लेकीला आठवत नाही. मला आठवतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक मुक्कामापुढे 'वादळ आलं तर आसरा' असा रकाना मी घालायला लावला. ट्रेलर सोडून पळायचं कुठे, तळावरची पक्की इमारत कोणती, तो.

मग चैत्र आला. वणीच्या गडाला निघालेले पायी लोक सहा नंबरवरून जायला लागले. जळगावकडून, एरंडोलकडून, भर उन्हात, पायाला चिंध्या बांधून, धुळे-मालेगाव करत नांदुरीला आणि तिथून वर सप्तशृंगीला. प्रत्येक टोळीमागे एक ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पो. त्यात पाण्याची टाकी, गाद्या, पिठाची पोती, देवीचा फोटो, जनरेटर आणि डोळ्यांत मावणार नाहीत एवढे स्पीकर. यांना रस्त्यावर उभं राहून हे बघायचा नाद आहे. एक ट्रॉली दारासमोरून गेली तेव्हा यांनी हात करून थांबवली. जनरेटर आणि स्पीकर सगळे मागच्या फाळक्याला टेकवून ठेवलेले. पुढे नुसत्या गाद्या. "पोरा, गाडी उलाळ झालीय," म्हणाले, "ट्रॅक्टरची मागली चाकं हलकी पडतील. जनरेटर पुढे घे." पोराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग यांनी त्याला उतरवून ट्रॉलीचा दांडा जिथे ट्रॅक्टरला जोडलेला होता तिथे हात लावायला सांगितला. खड्ड्यावरून आत्ताच गेल्यामुळे पिन वर उचलली जाऊन ठकठक करत होती. पोरगा बघत राहिला. चारजणांनी मिळून जनरेटर उचलून पुढे नेला. दांडा खाली बसला, पिन गप्प झाली.

हे लहानपणी बैलगाडीवर कडब्याच्या पेंढ्या रचायचे. मागे जास्त रचलं की गाडी उलाळ होते, बैलांच्या गळ्याला जुंपण्या आवळतात, चढावर तर गाडीच पुढून उचलते. पुढे जास्त रचलं तर जू मानेवर बसतं आणि खांदे सोलून निघतात. थोडा भार मानेवर हवाच, फार नको. तो किती, हे त्यांचे वडील जू हाताने उचलून सांगायचे. संध्याकाळी यांनी लेकीला फोन केला आणि विचारलं, ते तेरा टक्के तू खरोखर तोलून बघितलेत की कागदावर धरलेत? ती म्हणाली, कागदावर. "मग निघायच्या आधी भरलेली गाडी काट्यावर घाल," म्हणाले. तिथे हायवेवरच्या ट्रकतळांवर काटे असतात, पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर, तिन्ही वेगळं तोलून देतात. ते आता तक्त्यात पहिल्या दिवशी सकाळी आहे. वजन विचारलं म्हणून फुगलेला माणूस, आता रोज विचारतो, नातू किती भरला.

त्या टोळीतल्या बायकांना मी ओसरीवर बसवलं. ताक दिलं, पाय सोडायला पाणी दिलं. पाणी तसं त्या दिवशी जपूनच होतं. एकीच्या टाचेला फोड आलेला, ती म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे आम्ही दरवर्षी टेकतो." मला ती आठवत नव्हती. "ट्रॉलीत पीठ आहे, चूल आहे," ती म्हणाली, "कुणाला सांगावं लागत नाही भाकर टाका म्हणून. नुसती सावली पुरते." आणि तिथेच, आमच्या पायरीशी, त्यांनी आपलं आपण जेवण उरकलं. माझ्याकडून फक्त लोणचं घेतलं. मला एवढं हलकं वाटलं की लाज वाटली.

तिकडेही असं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात अमेरिकेतला ट्रेलर म्हणजे कुणाचं तोंड बघायला नको म्हणून चाकांवर लादलेलं घर. पण लेक सांगत होती, हार्वेस्ट होस्ट्स नावाची एक योजना आहे, वर्षाची वर्गणी भरायची, मग शेतकरी, द्राक्षमळेवाले, छोटे कारखानदार आपल्या आवारात एक रात्र ट्रेलर उभा करू देतात. भाडं नाही. त्यांच्याकडचं काही विकत घ्यावं एवढीच अपेक्षा. अंडी, चीज, मध. आपली शेगडी आपल्या ट्रेलरात. ओळखीच्या माणसाच्या दारातल्या फरशीवर ट्रेलर लावून राहायचीही तिथे जुनी रीत आहे, आणि त्याला ते लोक चक्क फुकटखाऊपणाचं नाव देऊन हसतात. आयोवात आम्ही एक शेत बघून ठेवलंय. मका आणि सोयाबीन, कोंबड्या, म्हातारं जोडपं. फोटोत त्यांच्या अंगणात मोठं झाड आहे. यांनी विचारलं, मक्याला पाणी कुठून देतात. तिथे पावसावरच येतो पुष्कळसा, हे मी यांना सांगितलं. तेवढं माझ्या भूगोलात होतं.

आणि भुसावळकडचं एक कुटुंब साउथ डकोटात, सू फॉल्सला राहतं. माझ्या जावेच्या माहेरचे. त्यांना कळलं तशी त्यांनी आग्रहच धरला, ट्रेलर दारात लावा पण जेवायला घरात या, आम्ही शेवभाजी करू. लेक म्हणाली, एक रात्र जाऊ. मी लगेच हो म्हटलं आणि मग रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिले, की तिथली बाई नोकरी करते, दोन पोरं आहेत, आम्ही पाचजण. सकाळी मेसेज केला : भाकरी आम्ही आमच्या ट्रेलरात टाकून आणू, तुम्ही फक्त रस्सा करा. तिचं उत्तर आलं, "काकू, खरंच?" पुढे तीन बदाम. तिला काय वाटलं असेल हे मला बरोबर कळलं.

आता गच्चीवर बिबडे वाळत आहेत. ज्वारी भिजवून, आंबवून, भरडून, हिंग-तीळ-लसणाचा तो चिकट घाटा पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापून मोकळं व्हायचं. दुपारपर्यंत कडा सुटतात आणि वाऱ्याने खडखडायला लागतात. सतरा किलोंपैकी आठ जावयाने दोऱ्या, जॅक आणि हत्यारांना मागितलेत. उरलेल्या नवांत यांची औषधं, माझं तव्याचं प्रकरण (लोखंडी तवा दोन किलोचा, त्यावरून वाद झाला, तवा जिंकला), कळण्याचं पीठ, काळा मसाला. बिबड्यांना वजनच नाही, म्हणून ते मी मोजून दिले नाहीत. चार पिशव्या होतील.

साउथ डकोटात एका डोंगरी रस्त्यावर सुईच्या नेढ्याचं नाव असलेला बोगदा आहे, रुंदी ८ फूट. ट्रेलरही तेवढाच. तिथे ट्रेलर तळावर सोडून नुसत्या गाडीने जायचं ठरलंय. यांना तो बोगदा बघायचाच आहे. आणि गाडी त्यांना तिकडे कुणी चालवू देणार नाही, म्हणून सध्या हे शेजारच्या पाटलांची ट्रॉली त्यांच्या मोकळ्या कापसाच्या वावरात उलटी घ्यायला शिकताहेत. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. तीस-पस्तीस वर्षं सरळ बस चालवलेल्या माणसाची फार फजिती होते. पाटलांनी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत काय ते शिकून घ्या, मग मला शेणखत टाकायचंय.

परवा चोपड्याहून फोन आला. चुलत पुतण्याचा. पोराची ॲडमिशन आहे जळगावला, जूनच्या शेवटी दोन दिवस येतो काकू. मी म्हटलं, आम्ही नसणार. पलीकडे क्षणभर काही आवाजच आला नाही. या घराला उन्हाळ्यात कुलूप असतं, हे त्याला कळेना. मग म्हणाला, "मग किल्ली?" किल्ली पाटलांकडे ठेवते म्हटलं. सिलिंडर भरलेला असेल, माठ पालथा घातलेला असेल तो भरून घे, नळाचा वार पाटलीणबाईंना विचार. पीठ मात्र दळून ठेवणार नाही. ज्वारी कोठीत आहे, गिरणी तुला माहीत आहे, आणि भाकर टाकता येत नसेल तर पोराला घेऊन आत्तापासून शिक.